कारण कोणी द्यायचं?

आमचं घर ग्वाल्हेरच्या लष्करातलं. घरात वडिलांची बारा बोअरची दुनाली होती. चंबळ जवळ, दरोडेखोरांचे दिवस. तरी ‘बंदूक कशासाठी हवी?’ याचं उत्तर अर्जात द्यावं लागलं. अर्ज दोन वर्षं पडून होता. शेवटी लायसन्स मिळालं ते कारण पटलं म्हणून नव्हे, काकांची ओळख निघाली म्हणून! निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा, आणि पावती आईच्या पोथीत. १९५९ च्या आर्म्स अ‍ॅक्टखाली बंदूक ही आपल्याकडे सरकारची परवानगी, हक्क नव्हे.

मागच्या वर्षी मुलाकडे न्यू जर्सीला होतो. त्याच्या सहकाऱ्याला पार्किंगमध्ये कुणी लुटलं. घरात पिस्तूल आहे हे मला तेव्हा कळलं. आता चिरंजिवांना ते बाहेर बाळगायचा परवाना हवा होता. बँकेची सवय, मी विचारलं, “अर्जात कारण काय लिहिलंस?”

“बाबा, इथे आता कारण लागत नाही.”

मग त्याने समजावलं. शस्त्राचा हक्क त्यांच्या घटनेत १७९१ पासून, पण प्रत्येक राज्याचे नियम निराळे. शिकागो शहरात पिस्तुलांवर बंदी होती. २०१० मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, हा हक्क राज्यांना आणि शहरांनाही मानावा लागेल. न्यूयॉर्कमध्ये खास कारण दाखवल्याशिवाय बाहेर बाळगायचा परवाना मिळत नसे. १९११ च्या कायद्यातून आलेली ती अट २०२२ मध्ये कोर्टाने सहा विरुद्ध तीन मतांनी उडवली. न्यू जर्सीचीही तशीच अट गेली. त्याच डिसेंबरात राज्याने शाळा, बागा, दवाखान्यांत बंदी घातली, तर लोक पुन्हा कोर्टात! नदीपलीकडच्या पेनसिल्व्हेनियाचा परवाना घेऊन पूल ओलांडला, की इथे गुन्हा.

“कारण पटलं की नाही हे साहेबाच्या मर्जीवर का असावं?” मुलगा म्हणाला. काकांची ओळख आठवली, आणि मी गप्प बसलो.

तेवढ्यात सूनबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “सरकारला कारण नको असेल, मला हवंय. घरात नऊ वर्षांचा मुलगा आहे.”

कोणीच काही बोललं नाही. मी निघालो तेव्हा अर्ज टेबलाच्या खणातच होता. दर रविवारी व्हिडिओ कॉल होतो. नातवाचा अभ्यास, तिथली थंडी, सगळं विचारतो. तेवढं मात्र अजून विचारलेलं नाही.