हळदीचं बोट

रात्रीचे साडेदहा. उशाशी सध्या गोडसे भटजींचं 'माझा प्रवास' आहे. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक. कर्ज फिटावं म्हणून १८५७ साली उत्तरेकडे निघाले आणि थेट बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीच्या वेढ्यात जीव मुठीत धरून राहिले, वाटेत लुटले गेले आणि घरी आले ते गंगेची कावड घेऊन. पुस्तक छापलं गेलं १९०७ साली.

हे सुचवलं शेजारच्या काकूंनी. सकाळी दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं की त्यांचा प्रश्न ठरलेला, "काय रे, सध्या काय चाललंय?" म्हणजे वाचायला. नोकरीबिकरी त्यांच्या लेखी फुटकळ.

बदल्यात मी त्यांना बेडेकरांचं 'रणांगण' दिलं. १९३९ ची एवढीशी कादंबरी, बोटीवर घडणारी. "एका बैठकीत होईल," असंही ऐटीत सांगितलं. काकूंना तीन आठवडे लागले. "चार पानं वाचते नि मिटते. संपवायचं जिवावर येतं रे."

परत आलं तेव्हा एका पानावर हळदीचं बोट उमटलेलं. मी पुस्तकांना कव्हरं घालणारा माणूस, चरफडलो. मग ते पान पुन्हा वाचलं. गॅसवरची फोडणी सोडून काकू तिथे का थांबल्या असतील, ते कळलं.

परीक्षणं वाचून आणलेली माझी निम्मी पुस्तकं अर्धवट पडलीत. काकूंचं एकही नाही. उद्या त्या लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' देणार आहेत. माझं ते तीनदा वाचून झालंय, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.