ह्याला गिऱ्हाईक?

लेकीला अक्षरं शाळेनं शिकवली, पाढे आजीनं. कचरा मात्र शिकवला तो रोज सकाळी दारात येणाऱ्या मावशींनी. शाळेची फी भरली, आजीचे पाय चेपले. मावशींचं देणं तसंच राहिलंय.

मावशी 'स्वच्छ'च्या. पुण्यात १९९३ साली बाबा आढावांच्या पाठबळावर कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. पुढे तिच्यातूनच कचरावेचकांची ही सहकारी संस्था निघाली आणि २००८मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. उकिरड्यावर वेचणाऱ्या बाया ओळखपत्र लावून सोसायट्यांच्या दारात आल्या. घरटी महिन्याचे पैसे मिळतातच, शिवाय सुका कचरा विकून येणारी कमाईही त्यांचीच. म्हणून मावशींच्या लेखी आमची बादली म्हणजे माल, आणि तो कसा यावा याबद्दल त्यांचं मत पक्कं.

लेक तेव्हा दुसरीत होती. जिन्याखाली मावशी माल निवडायला बसल्या की ही शेजारी उकिडवी. एकेक वस्तू उचलायची आणि विचारायचं, "मावशी, ह्याला गिऱ्हाईक?" वहीचा कागद, वर्तमानपत्र, पुठ्ठा, तिघांचा भाव वेगळा. दुधाची पिशवी धुऊन वाळवली तर चालते. आंबट वास मारणारी कोण घेणार? तिचा कोपरा पुरता कापायचा नाही, लोंबता ठेवायचा, कारण तो नखाएवढा तुकडा वेचत कोण बसेल? वेफर्सचं पाकीट मात्र मावशींनी फाडून आतली चंदेरी बाजू दाखवली. "ह्ये पदर येकमेकाला चिकाटल्यालं. सुटत न्हाईत. मंग कोण घ्येनार?"

काचेनं कापलेला त्यांचा तळहात पाहिल्यापासून फुटकी बरणी कागदात गुंडाळून, वर फुली मारून लेक स्वतः हातात देते. कागदात गुंडाळलेल्या पॅडवर लाल ठिपका का काढायचा, हेही तिला मावशींनीच सांगितलं. मी अजून शब्द जुळवत होते.

मग शाळेत 'टाकाऊतून टिकाऊ' आलं. त्यासाठी दुकानातून नवीकोरी चमकी, लोकर आणि फेविकॉल आणायचा असतो. (ही कल्पना ज्याला सुचली त्याला एकदा भेटायचंय.) बाटलीचा पेनस्टँड झाला, बक्षीस मिळालं. लेकीनं तो मिरवत मावशींना दाखवला. त्यांनी सगळीकडून फिरवून बघितला. "चांगली बाटली हुती की गं. आता हिला कोण घ्येनार?"

वेफर्स ती अजून खाते, खोटं कशाला सांगू! पण परवा दुकानात तिनं पाकीट उलटं करून विचारलं, "काका, रिकामं झाल्यावर हे परत घ्याल?" काका माझ्याकडे बघायला लागले. २०१६च्या प्लास्टिक कचऱ्याच्या नियमांनी ही जबाबदारी माल बनवणाऱ्यांवर टाकली आहे, पण ते त्या बिचाऱ्यांना काउंटरवर कुठं सांगू? मावशींना किस्सा कळला तेव्हा त्या खूश झाल्या. "दुकानदाराला न्हवं, कारखानदाराला इचार." आता पाकिटामागची मुंगीएवढी अक्षरं लावून लेक पत्ता उतरवून घेते आहे.