दाराशी ठेवलेली पिशवी

घराबाहेर पडणाऱ्या माणसाच्या सामानाला मराठीने किती नावे दिली आहेत! वारकऱ्याची पडशी, भिक्षेकऱ्याची झोळी, मजुराचे बोचके, माहेरवाशिणीचे गाठोडे, बदलीवर निघालेल्या सरकारी नोकराची वळकटी. आणि या सर्वांच्या सोबतीला शिदोरी. प्रत्येक नावातून निघणाऱ्याचा हेतू कळतो, त्याचे परतणेही गृहीत धरलेले असते. संकट आले तर घर सोडावे लागेल, या भयाने आधीच भरून दाराशी ठेवलेल्या पिशवीला मात्र वेगळे नाव मिळालेले नाही. कधी उचलावी लागू नये, अशी इच्छा मनात धरून भरलेले हे एकच सामान असावे.

अशी एक पिशवी बेंगळूरच्या उत्तरेकडील येलहंका या उपनगरात, केंद्रीय विहार नावाच्या वसाहतीतील एका मराठी घरात आहे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी उभारलेल्या या वसाहतीत सहाशेंवर सदनिका आहेत. तिसऱ्या मजल्यावरचे हे गृहस्थ लेखापरीक्षण खात्यातून निवृत्त झालेले. उभा जन्म दुसऱ्यांच्या याद्या तपासण्यात गेला. स्वतःची यादी करण्याची वेळ सत्तरी गाठल्यावर आली.

बेंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवर आहे आणि शहराजवळून एकही मोठी नदी वाहत नाही. महाराष्ट्रातून येथे स्थायिक होणाऱ्याला त्यामुळे पुराचे भय वाटत नाही. परंतु हे शहर तळ्यांचे आहे. एका तळ्याच्या सांडव्याचे पाणी ओढ्याने खालच्या तळ्यात जावे, तेथून त्याच्याही खालच्या तळ्यात, अशी ही जुनी साखळी आहे. १५३७ साली बेंगळूर वसविणारा पहिला केंपेगौडा या येलहंक्याच्याच घराण्यातला. त्याच्या वंशजांना १६३८ मध्ये, रणदुल्लाखान आणि शहाजीराजे यांच्या स्वारीनंतर, बेंगळूर सोडून मागडीस जावे लागले. घर सोडण्याचा अनुभव या भूमीला नवा नाही. पुढे ओढ्यांभोवती वस्ती दाटली, वाटा अरुंद झाल्या. पाणी मात्र आपला उतार विसरले नाही.

नोव्हेंबर २०२१ मध्ये येलहंक्याचे तळे भरून वाहिले आणि पाणी केंद्रीय विहारात शिरले. तुळशीचे लग्न होऊन गेलेले. मराठी मनाच्या पंचांगात पावसाळा केव्हाच संपलेला होता. येथे मात्र परतीचा पाऊस नोव्हेंबरातही जोरात कोसळतो. वीज गेली, उद्वाहन थांबले, नळ कोरडे पडले. खाली रबरी होड्या आल्या. निघण्यास तासभर मिळाला. गृहस्थांनी तो कागद शोधण्यात घालविला : खरेदीखत, निवृत्तिवेतनाचा आदेश, बँकेची पुस्तके. पत्नीने शीतकपाटातून इन्शुलिनची कुपी काढली, प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत बांधली, थंड पाण्यासह फिरकीच्या तांब्यात सोडली आणि तांब्याभोवती ओला पंचा गुंडाळला. इन्शुलिन उष्णतेने बिघडते, तसेच बर्फाला थेट भिडून गोठले तरी निकामी होते, हे तिला वर्षानुवर्षांच्या आजाराने शिकविले होते. सुरक्षित जागी पोचल्यावर एका अर्जावर सही करण्याचा प्रसंग आला. सर्व कागद हाताशी होते. परंतु त्यांतले एकही अक्षर गृहस्थांना वाचता येईना. चष्मा घरीच राहिला होता.

"अहो, हा घ्या," म्हणत पत्नीने कमरेची पिशवी उघडली आणि त्यांचा जुना चष्मा पुढे केला.

पिशवीची खरी सिद्धता त्यानंतर सुरू झाली. गृहस्थांनी खात्याच्या शिस्तीने तक्ता आखला. माणशी दिवसाला तीन लिटर पाणी, तीन दिवस, दोन माणसे, म्हणजे अठरा लिटर. सुके खाणे, विजेरी, जादा घट, शिट्टी, मलमपट्टी, क्षार-साखरेची पाकिटे, पाणी शुद्ध करण्याच्या गोळ्या, पांघरूण, कपडे. हे सारे भरून झाल्यावर पिशवी जमिनीवरून हलेना. एकट्या पाण्याचेच वजन अठरा किलो भरले होते! आदर्श याद्या धडधाकट माणसाला समोर ठेवून केलेल्या असतात. ज्यांना त्यांची गरज सर्वांत अधिक, त्या वृद्धांच्या खांद्यांचा हिशेब त्यांत क्वचितच असतो.

मग छाटणी सुरू झाली, आणि छाटणीबरोबर वादही. मूळ कागद जवळच असले पाहिजेत, हा त्यांचा आग्रह. "अहो, बुडायचेच झाले तर झेरॉक्स बुडू द्या की," हे तिचे उत्तर. अखेर मूळ कागद पुण्यास मुलाकडे गेले आणि पिशवीत प्रती आल्या. पाणी दोन बाटल्यांपुरते उरले. वीज आणि भ्रमणध्वनी बंद पडल्यावर खात्यातले पैसे हाती येत नाहीत, म्हणून दहा-वीसच्या नोटा आल्या. दूरध्वनी क्रमांक आता कोणाला पाठ नसतात, म्हणून ते कागदावर उतरले. त्याच कागदावर दोघांचे रक्तगट आणि औषधांची मात्रा. "आपण बोलू शकलो नाही तर पिशवी उघडणाऱ्याला कळायला हवे ना," असे ती म्हणाली. औषधे आणि खाणे बदलण्यासाठी वर्षातून दोनदा पिशवी उघडावी असे ठरले. त्यांनी १ एप्रिल आणि १ ऑक्टोबर लिहिले. तिने शिसपेन्सिलीने ते खोडून पाडवा आणि दसरा केले.

एका मुद्द्यावर मात्र दोघांचे जुळले नाही. तिला पिशवी तोंडापर्यंत भरलेली खपत नसे. वर चार बोटे जागा राहिलीच पाहिजे, हा तिचा दंडक. लेखापरीक्षकाला मोकळी जागा म्हणजे राहून गेलेली नोंद वाटे. तो ती भरून टाकी; ती पुन्हा काहीतरी काढून घेई.

वस्तुतः असे दृश्य गृहस्थांनी बालपणी एकदा पाहिले होते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही, आणि मुठेचे पाणी पुण्याच्या पेठांत घुसले. असंख्य माणसे पर्वतीच्या टेकडीवर धावली. त्यांत अकरा वर्षांचा हा मुलगा होता. आईच्या एका हातात त्याचे बोट होते, दुसऱ्या हातात शेगडीवरून तसेच उचललेले भाताचे पातेले. दागिन्यांचा डबा घरात राहिला आणि भात आणला, म्हणून नातेवाईक पुढे कित्येक वर्षे तिला हसले. टेकडीवर तो भात घरच्यांपेक्षा परक्या मुलांच्याच पोटात अधिक गेला होता, ही गोष्ट हसताना कोणी सांगत नसे.

अर्थात प्रत्येक संकट पातेले उचलण्याइतकाही अवकाश देत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या दगडमातीच्या भिंती झोपलेल्यांवर कोसळल्या. तेथे दाराशी ठेवलेली पिशवी काय करणार होती? तेथे घराच्या भिंतीच पक्क्या असाव्या लागतात. पिशवीचा उपयोग आगाऊ सूचना देणाऱ्या, निदान घटकाभर थांबणाऱ्या आपत्तीपुरता. तिच्यावर याहून मोठा विश्वास टाकणे म्हणजे स्वतःची फसवणूक होय.

२०२३ च्या उन्हाळ्यात पत्नी गेली. त्या दसऱ्याला गृहस्थांनी पिशवी उघडली. विजेरीचे घट बदलले, चणे-फुटाणे बदलले. तिच्या गोळ्या, इन्शुलिनच्या सुया, साखर उतरली तर लागणारी ग्लुकोजची पुडी हातात घेतली आणि पुन्हा होती तशी ठेवली. पुढच्या पाडव्यालाही तेच झाले. गोळ्यांची मुदत संपलेली होती. मृताच्या नावची नोंद चालू ठेवणाऱ्या कारकुनांना ज्यांनी आयुष्यभर खुलासे विचारले, त्यांनाच ही एक नोंद खोडता येत नव्हती. जिवंत माणसासाठी भरलेल्या पिशवीत गेलेल्या माणसाचे किती सामान असावे, याचा नियम कोणत्याही संहितेत सापडत नाही.

१२ ऑक्टोबर २०२४ च्या दसऱ्याला त्यांनी तिची औषधे बाहेर काढली. चष्मा ठेवला, तिच्या हातचा कागदही ठेवला. वर चार बोटांहून बरीच अधिक जागा झाली. या खेपेस त्यांनी ती भरली नाही. हे शहाणपण होते की नुसता थकवा, हे त्यांनाही सांगता आले नसते.

दहाच दिवसांनी, २२ ऑक्टोबरच्या पहाटेपर्यंत काही तासांत येलहंक्यात सुमारे दीडशे मिलिमीटर पाऊस कोसळला. तळे पुन्हा भरून वाहिले, केंद्रीय विहार पुन्हा पाण्यात गेले, पुन्हा होड्या आल्या आणि रहिवाशांना काही दिवस घरे सोडावयास सांगितले गेले. तळमजल्यावरच्या कन्नड आजी अंधारातच जिना चढून वर आल्या होत्या. त्यांच्या ओल्या पदरात गोळ्यांची दोन पाकिटे, श्रवणयंत्राची डबी आणि फडक्यात गुंडाळलेली लहानशी समई होती. दोघांना एकमेकांची भाषा अर्धीमुर्धीच कळे. गृहस्थांनी पिशवीचे तोंड उघडून पुढे केले. आजींनी एकेक वस्तू आत ठेवली. सारे नीट मावले. होडीत उतरताना आजींना दोन्ही हातांनी कठडा धरता आला, तो त्यामुळेच.

शिदोरी सहसा दुसऱ्याच्या हातची असते. निघणाऱ्याची भूक घरातले कोणीतरी आधी ओळखते. संकटाची पिशवी माणूस स्वतःसाठी, स्वतःच्या भयाच्या मापाने भरतो. म्हणून ती नेहमी गच्च भरते आणि नेहमी जड होते. ती हलकी कशी करावी, हे त्या घरात ज्या व्यक्तीला ठाऊक होते, तिच्या स्वतःच्या वस्तू आता पिशवीत नाहीत.

घरी परतल्यावर गृहस्थांनी तक्ता पुन्हा लिहून काढला. पाणी, विजेरी, शिट्टी, नोटा, चष्मा, सारे पूर्वीसारखेच. शेवटच्या रकान्यात मात्र शिसपेन्सिलीने एक नवी नोंद आहे : जागा, चार बोटे. वजनाच्या रकान्यात त्यांनी शून्य मांडले आहे आणि पुढे, खात्याच्या जुन्या सवयीने, सही केली आहे.