कारंजा-लाड : काळविटांचा माळ आणि पोथ्यांचे भांडार

वऱ्हाडातील जैन कुटुंबांत यात्रेचा विषय निघाला की मुक्तागिरी आणि शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ ही दोन नावे प्रथम ओठांवर येतात. कारंजा-लाडला मात्र माणसे बहुधा लग्नकार्याच्या निमित्ताने जातात, मंदिरात दर्शन घेतात आणि जेवणाची पंगत उठताच परतीची गाडी धरतात. वास्तविक या गावासाठी एक संपूर्ण दिवस राखून ठेवावा, इतके येथे पाहण्यासारखे आहे. सकाळी काळविटांचा माळ आणि दुपारी शतकानुशतके जपलेले धर्मवैभव असा जोड योग महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी साधता येतो.

अमरावतीहून बडनेरामार्गे अथवा अकोल्याहून मूर्तिजापूरमार्गे कारंजा दीड-दोन तासांच्या अंतरावर आहे. 1998 साली वाशीम जिल्हा स्वतंत्र होईपर्यंत हे गाव अकोला जिल्ह्यातच होते. मूर्तिजापूर ते यवतमाळ धावणारी अरुंद रुळांची ‘शकुंतला’ याच गावावरून जात असे. वऱ्हाडचा कापूस वाहण्यासाठी घातलेली ती आगगाडी आता थांबली आहे आणि तिच्या जागी मोटारींचे राज्य आले आहे. सहलीला कार्तिकापासून माघापर्यंतचा काळ उत्तम. पहाटे अंधारातच निघावे, म्हणजे सूर्य वर येण्यापूर्वी सोहोळचा माळ गाठता येतो.

कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य 2000 साली घोषित झाले. त्याचे क्षेत्रफळ सुमारे 18 चौरस किलोमीटर आहे. ‘अभयारण्य’ हा शब्द ऐकून घनदाट झाडीची अपेक्षा ठेवणाऱ्याची येथे प्रथमदर्शनी निराशा होते. समोर दिसते ती हलकी चढउताराची जमीन, गुडघाभर वाळके गवत आणि मधूनच एखादी बाभूळ किंवा बोर. ही जमीन ओसाड नाही. काळविटाला असेच उघडे रान लागते. त्याचे रक्षण त्याची तीक्ष्ण नजर आणि वेगवान पाय करतात. दाट झाडीत नजर अडते आणि धावण्याला वाव राहत नाही. म्हणून ‘पडीक’ म्हणून हिणवल्या गेलेल्या माळावर सरसकट झाडे लावणे हेही काळविटाच्या दृष्टीने घर मोडण्यासारखेच असते.

कोवळ्या उन्हात कळप चरू लागतो. पूर्ण वाढलेला नर पाठीवर काळाभोर, पोटाशी पांढराशुभ्र, आणि त्याची शिंगे मळसूत्रासारखी पिळदार असतात. माद्या आणि पाडसे फिकट तांबूस रंगाची, गवताच्या रंगात मिसळून जाणारी. एखाद्या मादीला संशय आला की ती मान उंचावते, जागच्या जागी उसळी घेते आणि पाहता पाहता सारा कळप उसळ्या घेत निघून जातो. माळावर रोही आणि रानडुक्करही आढळतात. चंडोलाचे गाणे आकाशातून ऐकू येते, पण पक्षी शोधताना डोळे दुखतात. पहाटेच्या वेळी प्राणी दिसण्याचा संभव अधिक असला, तरी दर्शनाचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. प्रवेशाविषयी वनविभागाकडे आधी चौकशी करून जावे हे बरे.

या माळावर कसे वागावे याचे नियम जैन घरातील मुलांना नव्याने शिकवावे लागत नाहीत. ईर्यासमिती म्हणजे समोरची चार हात भूमी निरखून, जीवजंतू टाळून चालणे. मुनींसाठी सांगितलेला हा आचार माळावरील पाहुण्यालाही लागू पडतो. काळविटाची आई नवजात पाडसाला गवतात लपवून दूर चरायला जाते, आणि ते पाडस हालचाल न करता पडून राहते. अशा वेळी ‘बिचारे एकटे पडले’ म्हणून त्याला उचलणे म्हणजे आईपासून त्याची ताटातूट करणे होय. दाणा-चारा घालणे हीसुद्धा येथे दया ठरत नाही. पांजरपोळातील गाय माणसाच्या आश्रयाला आलेली असते. काळवीट तसे नाही. त्याला अंतर, शांतता आणि गवत एवढेच हवे असते.

गवताचा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. उन्हाळ्यात एका ठिणगीने माळ पेटू शकतो. तो वणवा पसरू नये म्हणून वनकर्मचारी आधीच ठराविक पट्ट्यांतील गवत काढून वा जाळून जाळरेषा तयार करतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत काळविटाचा समावेश असल्याने शिकारीला कडक शिक्षा आहे. नागपूर-मुंबई हा 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्गही याच भागातून गेला. त्याच्या आखणीत काटेपूर्णा, कारंजा-सोहोळ आणि तानसा या तीन अभयारण्यांचा विचार करावा लागला, आणि वन्यप्राण्यांना ओलांडता यावे म्हणून मार्गावरून तसेच मार्गाखालून वाटा ठेवाव्या लागल्या.

परंतु संरक्षणाचा सर्वांत मोठा भार कोणत्याही फलकावर लिहिलेला नसतो. अभयारण्याची सीमा काळविटाला ठाऊक नाही. सोयाबीन, तूर, हरभरा यांचे कोवळे अंकुर वर आले की कळप शेतात उतरतात. रोही आणि रानडुकरे तर उभे पीक लोळवतात. मग शेतकरी रात्रभर जागल करतो. कायद्याप्रमाणे तो प्राण्याला इजा करू शकत नाही, आणि नुकसानभरपाई मिळायची तर पंचनामा व कागदपत्रांचे सोपस्कार पूर्ण व्हावे लागतात. ज्या काळविटांना पाहून शहरातील पाहुणे हरखून जातात, त्यांचे निम्मे पोट या शेतकऱ्याच्या बांधाआड भरलेले असते. वऱ्हाडातील पुष्कळ जैन घराण्यांचा संसार पिढ्यान्‌पिढ्या कापूस, तूर आणि धान्याच्या व्यापारावर उभा राहिला आहे. जीवदयेसाठी निधी काढणाऱ्या संस्थांनी पांजरपोळांबरोबर अशा शेतांच्या कुंपणाकडे आणि जागल करणाऱ्या हातांकडेही पाहिले, तर ती दया त्यांच्या व्रताला शोभून दिसेल.

ऊन चढू लागले की कळप सावलीला जातो. ही वेळ माळ सोडून कारंजाच्या मंदिरांकडे वळण्याची. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस आणि पोहा वेस ही नावे या गावाच्या जुन्या तटबंदीची आणि चहूकडे पसरलेल्या व्यापाराची आठवण देतात. 1670 साली छत्रपती शिवाजी महाराजांच्या फौजेने सुरतेनंतर कारंजावर छापा घातला होता. त्यावरून या पेठेच्या तेव्हाच्या संपत्तीची कल्पना येते. सतराव्या शतकात शीलविजय नामक श्वेतांबर साधूंनी आपल्या तीर्थमालेत येथील बघेरवाल जैनांचे, विशेषतः संघवी भोज यांचे वैभव वर्णिले आहे. दत्तसंप्रदायातील श्रीनृसिंह सरस्वतींचे जन्मस्थानही हेच गाव. त्यामुळे गुरुमंदिरात येणारे दत्तभक्त आणि जिनमंदिरात येणारे श्रावक एकाच रस्त्यावर एकमेकांना भेटतात.

सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तीन परंपरांची मंदिरे कारंजात आहेत. एकाच गावात तीन भट्टारक परंपरा नांदल्या, हे या गावाचे वैशिष्ट्य. दर्शन घेताना मुलांना मूर्तींच्या पादपीठावरील लांछने ओळखायला सांगावीत. सकाळी ज्यांनी हरणांचा कळप पाहिला आहे, त्यांना सोळावे तीर्थंकर शांतिनाथ यांचे लांछन हरिण आहे हे वेगळे पाठ करावे लागत नाही. बावीसावे तीर्थंकर नेमिनाथ विवाहाच्या वरातीतून परतले, ते पंगतीसाठी कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकून. ही कथा घराघरांत सांगितली जाते. मोकळ्या माळावर उसळ्या घेणारे हरिण डोळ्यांसमोर असताना त्या कोंडलेल्या पशूंचे दुःख मुलांना अधिक कळते.

गावातील ‘कस्तुरीच्या हवेली’ची दंतकथाही याच ओघात आठवते. कोणी एक व्यापारी उंटांवर कस्तुरी लादून गावोगाव फिरत होता. एवढा माल घेणारा कोणी भेटेना. कारंजातील एका धनाढ्याने तो सर्व माल एकदम विकत घेतला आणि बांधकाम चालू असलेल्या हवेलीच्या चुन्यात कालवून टाकला, असे सांगतात. ऐकणारा श्रीमंतीने थक्क होतो. परंतु कस्तुरी येते ती हिमालयातील कस्तुरीमृगाच्या नराच्या पोटाजवळच्या ग्रंथीतून, आणि त्या काळी ती मिळवण्यासाठी त्या जीवाचा बळी घेतला जाई. दंतकथा खरी मानली तर उंटांच्या त्या तांड्यावर किती मृगांचे प्राण लादलेले होते, हा प्रश्न श्रीमंतीच्या कौतुकात विचारायचा राहून जातो. त्याच गावाजवळ आज हरणांसाठी अठरा चौरस किलोमीटर भूमी राखून ठेवलेली आहे. काळ कोठून कोठे आला हे यावरून समजते.

कारंजाचे खरे धन मात्र मंदिरांतील शास्त्रभांडारांत आहे. भट्टारक, पंडित आणि श्रावक कुटुंबे यांनी वेष्टनांत गुंडाळून, कपाटांत ठेवून, पावसाळ्यापूर्वी उन्हे दाखवून संस्कृत, प्राकृत आणि अपभ्रंश भाषांतील हस्तलिखिते येथे सांभाळली. विसाव्या शतकाच्या पहिल्या चरणापर्यंत विद्वत्‌जगाला त्यांची फारशी वार्ता नव्हती. 1926 साली रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची प्रसिद्ध केली, तेव्हा कारंजाच्या अपभ्रंश ग्रंथांकडे अभ्यासकांचे लक्ष वळले. त्यानंतर अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृतचे अध्यापन करणारे डॉ. हिरालाल जैन यांनी या ग्रंथांच्या संपादनाला वाहून घेतले.

कारंजाच्या अंबादास चवरे दिगंबर जैन ग्रंथमालेत 1931 साली डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादिलेले पुष्पदंतांचे ‘जसहरचरिउ’ निघाले. पाठोपाठ डॉ. जैन यांनी संपादिलेले ‘सावयधम्मदोहा’, ‘पाहुडदोहा’ आणि ‘करकंडचरिउ’ हे ग्रंथ आले. कनकामर मुनींच्या ‘करकंडचरिउ’त तेरापूरच्या गुहामंदिरांचे वर्णन आहे. ते धाराशिवच्या लेण्यांचे असल्याचे डॉ. जैन यांनी दाखवून दिले. मराठवाड्यातील डोंगरात कोरलेल्या लेण्यांचा वृत्तान्त वऱ्हाडातील एका कपाटात कापडाच्या घडीत झोपलेला होता. शिवाय अपभ्रंश ही प्राकृत आणि मराठीसारख्या आजच्या भाषांमधील दुवा आहे. म्हणून या पोथ्या मराठी भाषेच्या इतिहासाच्याही साक्षीदार ठरतात.

याच डॉ. जैन यांच्या संपादनाखाली 1939 साली अमरावतीहून षट्खंडागमाचा पहिला खंड धवला टीकेसह प्रकाशित झाला. शतकानुशतके मूडबिद्रीच्या ताडपत्रांत बंदिस्त राहिलेला हा सिद्धान्तग्रंथ वाचकांच्या हाती आला, त्याचे स्थळ अमरावती होते, ही गोष्ट त्या शहरातील श्रावकांनी तरी विसरू नये. अमरावतीहून कारंजाला येणारा प्रवासी म्हणूनच नकळत एका मोठ्या ज्ञानयात्रेच्या वाटेवर असतो.

शास्त्रभांडार पाहण्यासाठी विश्वस्तांची परवानगी आधी घ्यावी. हात स्वच्छ धुऊन, कोरडे करून बसावे आणि पान उलटण्याचे काम जाणत्यावर सोपवावे. दोन बाजूंना आखलेल्या तांबड्या समासरेषांमधली काळी अक्षरे, कोठे वाळवीने खाल्लेला कोपरा, कोठे शेवटी लेखनिकाने नोंदवलेला संवत, एवढे शांतपणे पाहिले तरी पुरे. छायाचित्रांची घाई करू नये.

दुपारचे भोजन बरोबरच्या दशम्यांवर भागवावे किंवा धर्मशाळेत आधी कळवून व्यवस्था करावी. नंतर महावीर ब्रह्मचर्याश्रमाला भेट द्यावी. 1918 साली ब्रह्मचारी देवचंद यांनी, म्हणजेच पुढे समंतभद्र महाराज म्हणून पूज्य झालेल्या साधूंनी, या गुरुकुलाची स्थापना केली. लौकिक शिक्षण आणि धर्मसंस्कार यांची सांगड घालणाऱ्या या संस्थेतून पुढे कुंभोज-बाहुबलीसारख्या गुरुकुलांची प्रेरणा मिळाली. पोथी जपणे हे एक काम, ती वाचू शकणारा विद्यार्थी घडवणे हे दुसरे. वाचणारा उरला नाही तर उत्तम वेष्टनातील पोथीही मुकी होते.

चौविहार पाळणाऱ्यांना सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपून निघावे लागते, आणि थंडीतील लहान दिवसात ही मर्यादा सोयीचीच ठरते. परतीच्या रस्त्यावर दोन्ही अंगांना तुरीची शेते लागतात. अंधार पडू लागला की कोठे कोठे मचाणावर जागलीला बसलेल्या माणसाचा दिवा दिसतो.

ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी येते. षट्खंडागमाच्या पूर्ततेचे स्मरण म्हणून त्या दिवशी शास्त्रे बाहेर काढून पुसतात, त्यांना उन्हे देतात आणि नवी वेष्टने घालतात. त्याच सुमारास पहिल्या पावसाच्या आशेने सोहोळच्या माळावर गवताची मुळे तग धरून असतात. ज्या कुटुंबांनी थंडीत कारंजाची सहल केली असेल, त्यांनी त्या पंचमीला आपल्या गावच्या मंदिरातील कपाट उघडून पाहावे. कोठे वाळवी लागली आहे का, कोठे सूची करायची राहिली आहे का, आणि ती अक्षरे वाचू शकणारा कोणी गावात उरला आहे का, याची विचारपूस करावी. तेवढे जरी घडले तरी त्या एका दिवसाचा प्रवास सार्थकी लागला असे समजावे.