सांधा बदलताना

भाषांतराच्या व्यवसायात एखादा परका शब्द वाटेत आडवा येतो आणि त्याला मराठीत कोठे बसवावे, या विवंचनेत सारी दुपार निघून जाते. ट्रायथलॉन नामक तिहेरी शर्यतीविषयी वाचीत असता ‘ट्रान्झिशन’ या शब्दाने मला असेच अडविले. ‘संक्रमण’ म्हणावे तर पंचांग आठवते. ‘स्थित्यंतर’ म्हणावे तर राज्यक्रांतीचा भास होतो. अखेर आगगाडीचा ‘सांधा’च मला मानवला.

ऑलिंपिकमध्ये ही शर्यत प्रथम २००० साली सिडनी येथे झाली. १५०० मीटर पोहायचे, मग ४० किलोमीटर सायकल हाकायची आणि शेवटी १० किलोमीटर धावायचे. मधल्या दोन सांध्यांना खेळाडू ‘चौथा खेळ’ म्हणतात. कारण कपडे-जोडे बदलतानाही घड्याळ थांबत नाही. २०१२ साली लंडनला महिलांच्या शर्यतीत स्वित्झर्लंडची निकोला स्पिरिग आणि स्वीडनची लिसा नॉर्डेन या दोघींची वेळ १ तास ५९ मिनिटे ४८ सेकंद अशी एकच भरली. सुवर्णपदक कोणाचे, हे छायाचित्र पाहून ठरवावे लागले. ते स्पिरिगला मिळाले.

मग घाई करावी काय? त्याच लंडनमध्ये पुरुषांच्या शर्यतीत जोनाथन ब्राउनली नेमलेल्या रेषेपूर्वीच सायकलवर चढला आणि त्याला १५ सेकंद थांबण्याचा दंड झाला. त्याने कांस्यपदक मिळविले खरे. पण सांध्यावर वेगापेक्षा क्रमाला मान आहे, हे त्यातून दिसते. शिरस्त्राणाचा पट्टा आवळल्यावाचून सायकल जागेवरून काढता येत नाही. म्हणून जाणते खेळाडू सारी सिद्धता आधीच करतात. जोडे पेडलांना अडकवून रबरबँडने आडवे धरून ठेवतात, धावण्याच्या जोड्यांना ताणणाऱ्या नाड्या घालतात आणि आपली सायकल कितव्या रांगेत आहे, हे चालत जाऊन मोजून येतात.

दुसरा सांधा अधिक अवघड. पेडल मारण्यास सरावलेले पाय जमिनीवर उतरताच परक्याचे भासतात. त्यावर उपाय एकच: सरावातही सायकलवरून उतरून, विश्रांती न घेता, थोडे धावणे. थकल्या पायांनीच पुढच्या टप्प्याची ओळख करून घ्यावी लागते.

हे वाचताना मला माझ्या वडिलांचे स्मरण झाले. पुढील वर्षी ते सेवानिवृत्त होतील. चौतीस वर्षे कचेरीची वेळ पाळलेल्या माणसाला मोकळी सकाळ कशी सोसेल, ही आईची काळजी. ती बोलत नाही, एवढेच. परंतु गेल्या पावसाळ्यापासून वडील कचेरीतून परतले की चहा घेऊन तासभर शेजारची मुले गणितासाठी जमवितात. “आज दमला असाल,” असे आई म्हणते. ते म्हणतात, “दमलो आहे तोवरच सवय लागू दे.” त्यांनी या शर्यतीचे नावही ऐकलेले नाही.

आपल्याही घरात कोणी निवृत्तीला, कोणी सासरच्या उंबरठ्याला, कोणी परगावच्या वसतिगृहाला येऊन ठेपले असेल. मागचा टप्पा कसा पार पडला, याचे कौतुक अवश्य करावे; पण पुढच्या टप्प्याचे जोडे कोठे मांडले आहेत, हेही त्यांना आजच मायेने विचारावे.