सुगामोच्या अंगणातील ओले फडके

तोक्योला जाणे झाले, तर आपण बहुधा प्रथम असाकुसाच्या सेन्सोजी मंदिरात जाल. तेथे धातूचा नळा हलवून क्रमांक लिहिलेली काडी काढायची, त्या क्रमांकाच्या खणातील चिठ्ठी घ्यायची आणि आपले भविष्य वाचायचे, अशी रीत आहे. तिला ओमिकुजी म्हणतात. कोकणातील देवळांत कौल लावताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे दृश्य परके वाटणार नाही. येथील शंभर चिठ्ठ्यांपैकी सुमारे तीस अशुभ असतात, हे मात्र आधीच सांगून ठेवते. मलाही तशीच आली. अशी चिठ्ठी घरी न नेता आवारातच बांधून ठेवण्याची सोय असते. मीही ती बांधली आणि पुढे निघाले.

पण मनातला विषय तेथे सुटला नाही. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी व्यायाम सांगितला असूनही माझी आई ‘नशिबात असेल तसे होईल’ म्हणून भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागली होती. आपणांपैकी जे घरी कुणाची शुश्रूषा करतात, त्यांनी हे वाक्य ऐकले असेलच. त्यावर काय बोलावे हे सुचत नाही, हेही आपण जाणता.

दुसऱ्या दिवशी यामानोते मार्गावरील सुगामो स्थानकावर उतरले. हाराजुकू हा तोक्योतील तरुणांच्या नटण्याथटण्याचा भाग. त्यावरून सुगामोच्या बाजारपेठेला ‘आजीबाईंचे हाराजुकू’ असे लाडके नाव पडले आहे. रस्ता सुमारे आठशे मीटर लांब. खारवलेल्या भाज्या, सैल सदरे, काठ्या आणि अंगात ऊब राहते या समजुतीने घेतली जाणारी लाल रंगाची अंतर्वस्त्रे यांची येथे रेलचेल. महिन्याच्या ४, १४ आणि २४ तारखेला जत्रा भरते. घाई कुणालाच नसते. मागची माणसे पुढच्याच्या पायाच्या वेगाने चालतात. हे मला फार सुखावह वाटले.

याच रस्त्यावर कोगानजी हे झेन पंथाचे मंदिर आहे. येथील मुख्य जिझो देवता कुणाला दाखवीत नाहीत. तिचे चित्र छापलेले लहानसे कागद मिळतात. १७१५ साली सुई गिळलेल्या एका दासीला असा कागद पाण्याबरोबर दिला आणि कागदात रुतलेली सुई बाहेर पडली, अशी कथा सांगतात. (आज असे घडल्यास आपण तडक रुग्णालय गाठावे, हे सांगणे नलगे.) मात्र खरी रांग असते ती अंगणातील कान्नोनच्या उभ्या मूर्तीपुढे. १६५७ च्या भीषण आगीत पत्नी गमावलेल्या एका भक्ताने अशी मूर्ती या मंदिराला अर्पण केली होती. आपले जे अंग दुखते, तेच मूर्तीचे अंग पाणी घालून घासायचे, एवढाच विधी. लोकांनी ब्रशने घासघासून जुन्या मूर्तीचा चेहरादेखील पुसट केला, म्हणून १९९२ साली नवी मूर्ती बसविली आणि ब्रशाऐवजी पांढरी फडकी आली.

कर्म म्हटले की आपण चटकन प्रारब्धाकडे वळतो. पण सारे नियतीने ठरलेले आहे, प्रयत्न व्यर्थ आहे, असे मत मक्खली गोसालाने मांडले, तेव्हा बुद्धांनी त्याचा कठोर निषेध केला होता. बौद्ध परंपरेत कर्म म्हणजे प्रथमतः हेतुपूर्वक केलेली कृती. रांगेतल्या आजींना हा वाद ठाऊक असेलच असे नाही. गुडघा झिजला हे त्यांनी नाकारलेले नव्हते. घरून निघून, गाडी पकडून, चालत येऊन त्या रांगेत उभ्या होत्या. फडक्याने संधिवात बरा होतो, असे मी म्हणणार नाही. येण्याजाण्याचे मोल मात्र निराळे.

जपानमध्ये याहून उदास प्रार्थनाही आहे. नारा प्रांतात इकारुगा येथील किचिदेनजी मंदिरात वृद्ध माणसे एकाएकी, विनाक्लेश मरण यावे, कुणाला आपले मलमूत्र काढावे लागू नये, असे मागतात. आपल्याकडील वडीलधारेही असेच मागतात. ती प्रार्थना दिसते मरणाची. तिच्यातली चिंता मुलासुनांची असते. म्हणून घरात कुणी तसे बोलले, तर रागावू नये, जवळ बसावे.

सुगामोच्या रांगेत माझ्यापुढे काठी टेकणारी एक आजी आणि तिची पन्नाशीची मुलगी होती. आजीने मूर्तीचे गुडघे पुसले. मग फडके पुन्हा भिजवून मूर्तीची कंबर पुसली आणि तोच ओला हात मुलीच्या कमरेवर ठेवला. मुलगी संकोचून हसली.

घरी परतल्यावर हे मी आईला सांगितले. तिने भिंतीकडचे तोंड वळवून विचारले, “ती बाई तेथवर चालत गेली होती?”

“हो, काठी टेकत. वाटेत दोनदा बसली.”

आई बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “वॉकर जरा अलीकडे सरकव.”