कडुनिंबाची मुळं आणि मामूंचं पाचट

शिरूरला खालाकडे गेलं की असरची नमाज झाल्यावर जवळच्या बागेत एक फेरी ठरलेली. यंदा मार्चअखेर गेलो, तर ओळखीच्या कडुनिंबाची मुळं पार वर आलेली. खाला म्हणाली, "पूर्वी ही दिसत नव्हती. आता पोरं ठेचकाळतात."

घोड आणि भीमा सह्याद्रीतलं पाणी इथवर आणतात, पण शिरूर-दौंडचा पट्टा पर्जन्यछायेतला. पाऊस थोडा, आणि आला की झोडपणारा. बागेतली जमीन पावलांनी कडक झालेली, पाला रोज झाडून जाळलेला. मग थेंब उघड्या मातीवरच आपटतो आणि पाणी मुरण्याऐवजी माती घेऊन उताराला लागतं. झाडाला पोसणारी बारीक मुळं तर बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांतच असतात.

बाकावरचे एक काका म्हणाले, "सिमेंटचा कट्टा बांधा, विषय संपला." मला पटलं नाही. दिल्लीत झाडांच्या बुंध्यापर्यंत इतकं सिमेंट झालं, की 2013 साली राष्ट्रीय हरित लवादाला भोवतीची एक मीटर जागा मोकळी करण्याचा आदेश द्यावा लागला.

दुसऱ्या दिवशी दौंडला मामूंकडे निघालो. न्हावरे-चौफुला रस्त्यानं भीमा ओलांडली की दोन्हीकडे ऊस. तोडणी झालेल्या एका रानात पाचट पेटवलं होतं, धुरानं डोळे चुरचुरले. मामूंच्या अंगणात मात्र चिंचेखाली तेच पाचट चार बोटं जाड अंथरलेलं. बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी, नाहीतर साल कुजते. उताराच्या बाजूला दगडांचा अर्धचंद्र आणि त्याला लागून गवती चहा. माती धरून ठेवतो आणि चहालाही होतो. उघड्या मुळांवर मामूंनी पाट्याच्या पाट्या माती ओतली नव्हती. मुळांना हवाही लागते, म्हणून शेणखत-मातीचा दोन बोटांचा थर, तोही दरसाल थोडा थोडा. मुळं तोडून जमीन सपाट करायचं तर नावच नको. वुजूचं पाणी छोट्या चरीनं तिथंच सोडलेलं. पाचट बाजूला सारून हात लावला, तर खाली ओल होती.

निघताना बागेच्या माळ्याला फोन केला. "दगड माझ्याकडे पडलेत," तो म्हणाला, "पाचट तेवढं आणा." मामूंनी दोन पोती दाबून भरून दिली.

मगरिबच्या सुमारास शिरूरला पोहोचलो. डिकी उघडताच खाला दारातूनच ओरडली, "अरे, ये क्या उठा लाया?"